दोन पेल्यांची परीक्षा

१४ सप्टेंबर, रविवार

ती. बाबांना नमस्कार,

दोन महिने पत्र नाही, माफ करा. वेळ नव्हता असं लिहिणार होते, पण वेळ होता.

काल दुकानातल्या दादांबरोबर पाच तास गाडी चालवत तुम्ही नेहमी सांगता त्या संगीताच्या शहरात गेले. हे दादा माझ्यासारखेच पियानो सुरात लावतात. पियानोची दुपारची मैफल होती आणि जागा दुसऱ्या रांगेत. तुम्ही असता तर डोळे मिटून बसला असता.

मध्यंतरात दादा म्हणाले, "वरच्या सप्तकातली एक तार उतरली आहे. आपण असा पियानो लावला असता, तर मालकांनी हाकललं असतं."

"हो ना, पहिल्यापासून खटकतंय," मी म्हणाले.

मला काहीच खटकलं नव्हतं.

आज सकाळी लॉजच्या खोलीत तुमची जुनी परीक्षा घेतली. कमी-जास्त पाण्याचे दोन पेले, एक चमचा, आणि एकेक कान झाकून ऐकणं. उजव्या कानाला दोन वेगळे सूर आले, डाव्याला दोन्ही वेळा नुसतं ठक्. प्रवासात कानाला वारा लागला असेल. कानाच्या डॉक्टरांची गुरुवारची वेळ घेतली आहे, काळजी करू नका.

पण गेल्या महिन्यात मी लावलेल्या पियानोंबद्दल दोन घरांतून तक्रार आली होती. तेव्हा मी दमट हवेला दोष दिला. तेव्हाच मला शंका आली होती का? बहुतेक आली होती.

आईचा गुडघा कसा आहे? तुमच्या पेटीचा भाता कुणाकडून दुरुस्त करून घेतलात?

तुमची,
धाकटी

उद्या: दादांना खरं सांगून त्या दोन्ही घरी पियानो पुन्हा लावायला घेऊन जाणे.