झिनियाची विरळणी

नाशिक, १२ जुलै १९९८

सौ. लंकाबाईस सप्रेम नमस्कार.

आपली लेक सुवर्णा बरी आहे. डॉक्टरांनी तिला अंथरुणातून उठण्यास मनाई केली आहे, एवढेच. सातव्या महिन्यातले डोहाळजेवण मात्र तूर्त नको. मागच्या खेपेसारखे होणार नाही, असे ते म्हणतात.

तू दिलेले झिनियाचे बी तिच्या खिडकीखाली पेरले. रोपे दाट उगवली, म्हणून काल विरळणीस बसलो. तिने आतून हाक मारली, "बाबा, एकही उपटू नका."

"अगं, दाटीत एकही धड वाढणार नाही."

"नाही वाढले तरी चालेल."

तिचा आवाज ऐकून मी हात धुतले. सगळी रोपे तशीच ठेवली आहेत.

तुझे गुडघे दुखत असले, तरी चांदवडहून पहिल्या गाडीने ये. ती झोपली, की मला तिच्या दारातून हलवत नाही.

तुझी वाट पाहणारा,
केरू