टॅन्सीची परीक्षा आणि आवरलेला फ्रीजर

तीर्थस्वरूप ऑगस्टा आत्यांना क्लेमेंटचा वाकून नमस्कार. हिल्डाही कणकेचे हात वर धरून नमस्कार सांगतेय. मंगळवारी तुम्हाला गाडीत बसवून दिलं, तेव्हापासून आमचं निम्मं लक्ष तुमच्याकडेच आहे. गुडघा कसा आहे? झोप लागते ना? आणि पोट? (पोटाचं सहज विचारलं. प्रवासात पोट बिघडतं असं हिल्डा म्हणते, बाकी काही नाही.) खरं तर फोनच करणार होतो, पण फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि काही गोष्टी शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ओरडून सांगण्यासारख्या नसतात. म्हणून हे पत्र, आणि तेही आजच्या पहिल्या टपालाने. आधी चांगली बातमी देतो, म्हणजे मलाही जरा धीर येईल.

गुरुवारी टॅन्सीची परीक्षा होती हे तुम्हाला सांगायला नकोच. तुम्ही इथे होतात तोवर घरात दुसरा विषयच नव्हता, आणि ‘कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच’ हे तुम्ही रोज चहाबरोबर ऐकवतही होतात. पण माझा जीव त्या परीक्षेत का अडकला होता ते ऐका. थ्वेटने (आमच्या जहागिरीच्या रानाचा मोठा रखवालदार, जीपमधून खाली म्हणून उतरायचा नाही, उंटावरून शेळ्या हाकतो) यंदा फतवा काढला, की ज्या कुत्र्याकडे ही परीक्षा पास झाल्याचा दाखला नाही ते शिकारीच्या दिवशी रानात दिसता कामा नये. म्हणजे बंदूकवाले पक्षी पाडणार, लोकांची कुत्री ते आणून देणार, आणि मी शनिवारभर घरात बसून हिल्डा सांगेल ते कपाट सांगेल तिकडे सरकवणार. शाळेची बस चालवणं सोडल्यापासून हिवाळ्यात मला तेवढंच तर सुख आहे हो आत्या! चिखल, गार वारा आणि तोंडात पक्षी धरून माझ्याकडे धावत येणारी माझी काळी टॅन्सी. बरं, गेल्या वर्षी ती नापास झालेली. पक्षी राहिला बाजूला, पोरीने परीक्षक बाईंचं सँडविच उचलून आणलं. आणलं म्हणजे अर्धं.

म्हणून यंदा मी कंबर कसली. परीक्षेत मेलेला, गार झालेला पक्षी लांब फेकतात आणि कुत्र्याने तो दात न लावता मालकाच्या हातात आणून द्यायचा असतो. आता उन्हाळ्यात शिकार बंद, मग सरावाला पक्षी आणायचा कुठून? तेव्हा इकडे सगळे करतात तेच मी केलं. गेल्या हंगामात पाडलेला एक फेझंट पक्षी पिसांसकट फ्रीजरमध्ये ठेवला. सकाळी काढायचा, गवतात फेकायचा, ओढ्यात फेकायचा, टॅन्सीने आणायचा, की परत फ्रीजरमध्ये. असा सगळा उन्हाळा गेला. शेवटी शेवटी त्या बिचाऱ्याच्या अंगावर पिसं कमी आणि अनुभव जास्त झाला होता. (टॅन्सीचा मात्र त्याच्यावर फार जीव.) खाण्याच्या पक्ष्यांत तो मिसळू नये म्हणून त्याला पावाच्या पिशवीत घालून लाल सुतळी बांधलेली असे. लाल सुतळी दिसली की हात लावायचा नाही, हे हिल्डाला पक्कं ठाऊक होतं. मग तुम्ही आलात. आठवतंय ना, आल्या आल्या तुम्ही आमचा फ्रीजर आवरून दिलात? ‘काय हा उकिरडा, क्लेमेंट!’ म्हणालात, आणि एकूण एक वस्तू एकसारख्या कागदात गुंडाळून ओळीने लावून टाकलीत. सुतळ्या वाया जाऊ नयेत म्हणून पर्समध्ये घातल्यात. आम्ही दोघंही तुमचे आभारी आहोत, हे इथे आधी लिहून ठेवतो.

तर परीक्षा. सरावाचा पक्षी ज्याचा त्याने आणायचा होता. तुम्ही होतात तोवर सराव बंदच होता, म्हणून मी आदल्या संध्याकाळी आकारावरून अंदाजाने पुडकं काढून तसंच शेडमध्ये ठेवलं. जरा जड लागलं, म्हटलं बर्फ धरला असेल. मैदानात टॅन्सी माझ्या पायाला चिकटून चालली. बार उडाला तेव्हा ती जागची हलली नाही, मीच दचकलो. मग मिस मर्गट्रॉइड (त्याच, सँडविचवाल्या) म्हणाल्या, “काढा तुमचा पक्षी.” मी कागद सोडला आणि आत मेंढीची मांडी! रविवारच्या जेवणासाठी राखलेली, चांगली चरबीदार.

“हे काय आहे?”

“मांडी आहे, बाई. मेंढीची.”

“उडते का ही?”

“फेकली तर उडेल, बाई.”

तिकडे जीपमधून थ्वेट खिंकाळला, “क्लेमेंट, पुदिन्याची चटणी पण फेक रे!” त्याबरोबर मिस मर्गट्रॉइडनी मान वळवून त्याच्याकडे असं पाहिलं की गड्याने काच वर केली. मग मला म्हणाल्या, “आणलंत ना? मग फेका.” फेकली. आत्या, माझ्या तोंडचं पाणी पळालं. सँडविच न सोडणारी पोरगी मांडी सोडते होय? टॅन्सी सुसाट गेली, थांबली, वास घेतला. माझ्याकडे पाहिलं. मांडीकडे पाहिलं. पुन्हा माझ्याकडे. लाळेची ही धार लागलेली. आणि मग तिने ती अलगद उचलली, मान ताठ करून आली आणि माझ्या हातात ठेवली. बाईंनी चष्मा लावून मांडी उलटसुलट तपासली, एक ओरखडा नाही. म्हणाल्या, “पक्षी आणणारी कुत्री मी ढीगभर पाहिली. मटण परत देणारी पहिलीच.” पास! मी तिथेच चिखलात बसलो आणि टॅन्सीच्या मानेत तोंड खुपसून रडलो. थ्वेट बघत होता, बघू दे.

हिल्डा मघापासून खांद्यावरून वाचतेय आणि ‘मुद्द्याचं लिहा’ म्हणून कोपर मारतेय, तेव्हा आवरतं घेतो. प्रकृतीला जपा, आणि लोभ आहे तसाच असू द्या. (आज जरा जास्तच असू द्या.)

तुमचा भाचा,
क्लेमेंट

ता. क. मांडी माझ्या पिशवीत होती, तर हिल्डाच्या हाती कोणतं पुडकं लागलं, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. रविवारी तुमच्याकडे पाद्रीबाबा जेवायला येणार म्हणून आम्ही जी फेझंटचं मांस भरून भाजलेली पाई बरोबर दिली, ती, पाया पडतो, पण त्यांना वाढू नका. आणि तुम्ही आधीच चाखून पाहिली असेल तर वरचा पोटाचा प्रश्न सहज विचारलेला नाही. (पक्षी सोलताना निम्मी पिसं आधीच गेलेली पाहून ‘किती सोयीचा पक्षी!’ असं तुम्हीच म्हणाला होतात.)

ता. क. २. हिल्डा अजून म्हणतेय, कशावरून तोच? फ्रीजरमध्ये दुसरेही होते. म्हणून आत्ता, पाकीट बंद करता करता, घरच्यासाठी केलेल्या छोट्या पाईतला उरलेला तुकडा टॅन्सीपुढे टाकला. तिने वास घेतला, शेपूट हलवलं, तो अलगद उचलला आणि दात न लावता माझ्या हातात आणून दिला. आता समोर बसून आहे, मी पुन्हा फेकेन म्हणून.