पहिल्या ओळीतलं नाव

मंगळवार, दोहा. दुकानातून आल्या आल्या.

शिकारी बंदुकांच्या दुकानात मी क्लार्क. गिऱ्हाइकाचे कागद रीतसर पोलिसांकडे जातात, त्याला माझी ना नाही. पण आज अरबाबने, आमच्या मालकाने, दुकानाची वेगळी एक्सेल शीट भरायला सांगितली. नाव, घर, बंदुकीचा नंबर. "ये रजिस्टर नहीं, सिर्फ सर्व्हिस के लिए." सर्व्हिसला घराचा पत्ता कशाला? आणि ती शीट उद्या कोण कोण बघणार?

मला शिकवतो! रत्नागिरीला अब्बांकडे माकडं हाकायला परवान्याची बंदूक होती. निवडणूक लागली की यादी घेऊन पोलीस पाटील दारात. बंदूक ठाण्यात जमा, माकडं बागेत मोकाट. यादी काय करते ते मी लहानपणापासून बघितलंय.

शेवटी एक ओळ भरली आणि लॅपटॉप त्याच्यापुढे फिरवला. त्याचंच नाव, त्याचंच घर, गेल्या थंडीत त्याने घेतलेल्या बंदुकीचा नंबर.

त्याने ती ओळ बोट ठेवून वाचली. मग म्हणाला, "मेरा नाम निकालो."

का? रजिस्टर नव्हतं ना?

"निकालूंगा, अरबाब. लेकिन फिर किसी का नहीं डालूंगा."

नोकरीचं उद्या बघू. शीट आज तरी कोरी आहे.