पाच ठिपक्यांचं इंजिन

कोपर, डोंबिवली
२० डिसेंबर १९५५

प्रिय सहदेवा,

तुला एक आजी आहे आणि ती अजून मेलेली नाही, एवढं आठवलं म्हणायचं! दिवाळीचं पत्र मार्गशीर्षात पोचतं करणारा विसरभोळा नातू माझ्याच नशिबी. नाशकाच्या वर्कशॉपात नटबोल्ट तेवढे ध्यानात राहतात वाटतं. मला अक्षर येत नाही, म्हणून शाळेतल्या हेमाबाई हे लिहून घेतायत. मी बोलते तसंच लिहा, सुधारू नका, असं त्यांना बजावलंय. आत्ता हसतायत. पुढं हसायच्या नाहीत.

तुझ्या पंढरीकाकानं मिठागरवाल्या शेटच्या गोठ्यातून एक मोडकी मोटार ओढून आणली, ती तू पाहिलीस. तुझ्या बापाची होती तसलीच, तीस सालची, विलायतेची. दुरुस्त करून स्टेशनवर भाड्यानं लावायचा त्याचा बेत. मांडवात इंजिन उघडून बसलाय. आतलं निम्मं गंजलेलं, निम्मं गायब. तसले भाग आता कोणी बनवत नाही म्हणे, म्हणून हा भंगारवाल्यांचे उंबरे झिजवतो. स्वतःसाठी मुलगी बघायला एवढा हिंडला असता तर माझ्या घरात धाकटी सून नसती का आली?

पहिला भाग, कनेक्टिंग रॉड, विठ्ठलवाडीपुढं कॅम्पातल्या एका सिंधी दुकानदाराकडे मिळाला. पंढरीनं तो घासलेटात धुतला आणि माझ्या हातात ठेवला. मला दिसतं कमी, मी अंगठा फिरवला. पाच ठिपके लागले. माझं मनगट गोंदताना गोंदणारीचा हात हलला होता आणि पाचवा ठिपका रांगेबाहेर पडला होता. रॉडवरचाही तसाच बाहेर. तू विसरला असशील, पण तुझा बाप गोविंदा इंजिन उघडलं की प्रत्येक भागावर पंचाच्या टोकानं ठिपके ठोकून माझं गोंदण काढायचा, दुसऱ्या गॅरेजात कोणी भाग बदलू नये म्हणून. त्यालाही लिहिता येत नव्हतं. आईचा हात हीच त्याची सही.

मग पिस्टन ठाण्याला मिळाला, कार्बोरेटर टिटवाळ्याला. दुकानदार एकमेकांना ओळखतही नाहीत, आणि प्रत्येक भागावर माझा हात. एरवी एक बेअरिंग बसवायचं तर पंढरी दोन दोन दिवस तासत बसतो. हे भाग न तासता बसले, आपल्या घरात आपल्या पाटावर माणूस बसतं तसे. पूर्वी कोंबड्या इंजिनाखालची माती उकरायच्या. तिसरा भाग बसला त्या दिवसापासून एकही कोंबडी मांडवात पाय घालत नाही. परवा भर दुपारी मी हात लावून पाहिला. सावलीतलं लोखंड, आत ना तेल ना पाणी, आणि कोमट. ताप भरलेल्या पोराच्या कपाळाएवढं. पंढरी म्हणाला, आये, तुझेच हात गार पडलेत. असतील बाबा. या वयात काय काय गार पडतं.

तुझी आई रखमा हे सगळं बघते. गोविंदा भाडं घेऊन नाशिकच्या रस्त्याला गेला त्याला सात वर्षं झाली. ना तो परतला ना मोटार. बारा वर्षं वाट बघायची आणि मग दर्भाचा माणूस करून जाळायचा, अशी रीत. तोवर कुंकू तिचं. ती रोज एक भाकरी जास्त थापते, मी तिला पिठाची उधळी म्हणून चिडवते, आणि ती भाकरी शेवटी मीच खाते. मागल्या सोमवारी मांडवात गेले तर इंजिनाला हळदकुंकू लावून समोर बसलेली. दसरा केव्हाच होऊन गेला होता. मला म्हणाली, "आत्याबाई, हे येतायत. थोडे थोडे करून येतायत."

थट्टा करायला गेले आणि सांडलेलं कुंकू गोळा करत बसले. तिला त्या लोखंडात नवरा घराकडे चालत येताना दिसतो. पंढरी धुतलेले भाग सुपात मांडतो, आणि ते सूप बघितलं की मला तिसऱ्या दिवशी राखेतून वेचलेल्या अस्थी दिसतात. पंढरीही भावाचं नाव काढत नाही, नुसता पान्यांचा आवाज करतो.

आता एकच भाग राहिलाय, ठिणगी पाडणारा मॅग्नेटो, आणि नेमकं तुझं पत्र आलं. या खेपेला ते माझ्याच हाती पडलं, आणि हेमाबाईंनी वाचलं तेव्हा घरात कोणी नव्हतं. मॅग्नेटो तुला नाशकात सापडला, त्यावर पाच ठिपके आहेत, आणि कसाऱ्याच्या घाटात दरीत पडलेली मोटार तिथल्या भंगारवाल्याच्या बापानं तोडून विकली, चालकाला गावकऱ्यांनी तिथंच अग्नी दिला, असं त्या भंगारवाल्यानंच तुला सांगितलं. घेऊन येऊ का, आईला कसं सांगू, असं तू विचारतोस. त्यासाठी हे पत्र. घेऊन येऊ नकोस. रामकुंडावर जा, बुडी मार, बापाचं नाव घे आणि ते लोखंड गोदेत सोड. केस काढू नकोस, आई ओळखेल. काकाला कळव की मिळाला नाही. तो दुसऱ्या कुणाचा बसवील, गाडी चालेल, आणि रखमा वाट बघत राहील. तिची पाच वर्षं अजून उरलीत, ती मी कोण काढून घेणार? मी पत्र ऐकून डोक्यावरून पाणी घेतलं. थंडीत कसली आंघोळ म्हणून रखमाच मला ओरडली. काम झालं की त्याबद्दल अक्षर लिहू नकोस, एरवी पत्र आधी तिच्या हाती पडतं. नुसते अर्धा शेर पेढे पाठव, तिच्या नावानं, पगार वाढला म्हणून. मऊ बघून घे, मला दात नाहीत, आणि तिच्या देखत एक तरी मला खावाच लागेल.

तुझीच, थट्टा करून थकलेली,
ठमाआजी