पोईचं भांडं झाकून

नाहोआदादा, अलोहा.

होनोलुलूत माझं बरं चाललंय, काळजी नको. तुझे गुडघे कसे आहेत?

तुझं पत्र आलं तेव्हा मी जेवत होते. कुटलेल्या अळवाच्या पोईचं भांडं उघडं असताना भांडायचं नाही, भांड्यातला थोरला ऐकतो; म्हणून राग पोईबरोबर गिळला. आता भांडं झाकलंय. ऐक!

आपलं अळवाचं खाचर हॉटेलच्या पार्किंगला देतोस? लाज कशी वाटत नाही? आई भरवताना काय सांगायची? देवांचा पहिला मुलगा हालोआ मेलेलाच जन्मला, त्याला पुरलं तिथं अळू उगवलं. आपण त्याच्या पाठच्या भावाची लेकरं; म्हणजे अळू आपल्या घरातला थोरला.

गुडघे दुखतात तर मला बोलाव, मी उतरते चिखलात.

आणि सही करायचीच असेल, तर पोईचं भांडं उघडं ठेवून कर. थोरल्याच्या देखत.

तुझ्यावर भडकलेली,
उलुवेही