ताईच्या नावाच्या पाट्या

रविवार, नोव्हेंबर. सरोजिनी नगर, लखनौ

ताई हरली. तिकडे अमेरिकेत, तिच्या राज्यात न्यायाधीशालाही पक्षाच्या तिकिटावर निवडून यावं लागतं, हे मला अजून पचत नाही. "माझे निकाल कुणी वाचलेच नाहीत गं, फक्त पक्ष पाहिला," म्हणाली. आवाज पार बसलेला. मला रडू यायला हवं होतं, पण खरं सांगू? आधी आनंदच झाला. दर वेळी निवडणूक आडवी येते आणि तिचं येणं राहून जातं. आता येईल! मुलगा तर बोललाच, "अच्छा हुआ, अब मौसी आएँगी." त्याला दटावलं आणि मीच मनात तिला मलिहाबादला दशहरी आंबे खायला घेऊन निघाले.

आज फोनवर विचारलं, काय चाललंय? लोकांच्या अंगणांत प्रचारासाठी रोवलेल्या तिच्या नावाच्या पाट्या उपटून आणत होती. पाट्यांवर आपल्या बाबांचं आडनाव आहे, लग्नानंतरही तिनं ते बदललं नाही.

"सगळ्या पुसून गॅरेजमध्ये रचून ठेवल्यात," म्हणाली.

पुसून? टाकून द्यायच्या पाट्या कुणी पुसतं का? म्हणजे पुन्हा उभी राहणार.

तरी म्हटलं, "येताना एक पाटी मला आण."

"पाठवते," म्हणाली.