दोरीच्या टोकाला

३ तारीख, सोमवार

आले एकदाची. नातजावयाने माझी बॅग उचलली आणि लिफ्टमध्ये मला असं धरून उभा राहिला, जशी काय मी काचेची बरणी. घर लख्ख आहे, कोणी राहत नसल्यासारखं. डबे खूप, डब्यांत काही नाही. बायको अवकाशात आणि नवरा दिवसभर कंट्रोल रूममध्ये, तर डबे भरणार कोण? म्हणून मला बोलावलं. मला काय, तिकडे एकटी होते, इथेही एकटीच. इथे निदान टीव्ही भिंतीएवढा आहे.

त्यावर स्थानक दिसतं. पृथ्वीभोवती फिरणारं घर, त्यात माझी नात आणि तिचा सोबती, एक दाढीवाला. बाहेरच्या कॅमेऱ्याचं चित्र घरी सतत चालू असतं, आवाज नाही. तिथे दीड तासात एक दिवस आणि एक रात्र उरकते. भांडी घासायला उठते तेव्हा ऊन, हात पुसत येते तेव्हा अंधार. मजा आहे.

५ तारीख, बुधवार

आज भिंगरी व्हिडिओवर बोलली. भिंगरी म्हणजे नातच. लहानपणी एका जागी टिकायची नाही, म्हणून मीच ठेवलेलं नाव. आईबाप गेल्यावर तिला मी वाढवलं. दया वगैरे काही नाही, दुसरं कोणी घ्यायला तयार नव्हतं.

मी गुडघ्याचं सांगायला लागले तर मध्येच म्हणते, "म्हातारे, गुडघे राहू दे, मी उलटी लटकून जेवतेय ते बघ." माझं एक वाक्य पुरं होऊ देईल तर शपथ. रविवारी दोघं पंप दुरुस्त करायला बाहेर पडणार आहेत. मी म्हटलं, आधी घरातला नळ दुरुस्त कर. तर हसत फोन ठेवून मोकळी.

९ तारीख, रविवार

सकाळपासून टीव्हीसमोर. दोघांच्या कमरेला दोरी, हातात पान्हे. भिंगरीच्या पोशाखावर लाल पट्टा, म्हणून ओळखू येते. तोंड दिसत नाही. हेल्मेटच्या काचेला सोनेरी मुलामा असतो, समोरच्याला त्यात स्वतःचंच रूप दिसतं.

त्यांचा शिरस्ता नातजावयाने समजावला होता. काम संपलं की एकाने आधी आत शिरायचं, दुसऱ्याला दोरीने ओढून घ्यायचं, दोरीला ओझं लागलं की आत घेऊन दार लावायचं. आज दाढीवाला आधी शिरला आणि नेमका अंधार पडला. उजाडलं तेव्हा दार बंद होतं. नातजावयाचा फोन आला, दोघं सुखरूप आत. मी चहा ठेवला.

चहा घेऊन बसले तर दाराबाहेर एकजण. लाल पट्ट्याची.

नातजावई म्हणाला, आजी, ते सकाळचंच चित्र पुन्हा दाखवत असतील. असतील.

११ तारीख, मंगळवार

ती अजून बाहेर आहे. रविवारचं चित्र म्हणावं तर हातात पान्हा नाही, कमरेला दोरी नाही. दार ठोठावते. आवाज नसल्यामुळे जास्तच वाईट दिसतं. अंधार पडला की मी हातातलं काम टाकून उजाडायची वाट बघते.

एवढे दिवस हवेवाचून माणूस राहत नाही, तेवढं मलाही कळतं. पण चाल तिचीच आहे. डावा खांदा पुढे काढून सरकते.

१२ तारीख, बुधवार

भिंगरीचा फोन. आतून. चेहरा तिचा, आवाज तिचा. मी मुद्दाम गुडघ्याचं काढलं. डावा, उजवा, तेलं, डॉक्टर, सगळं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मध्ये एक शब्द नाही. माझं संपल्यावर म्हणाली, अजून सांग.

या खेपेला फोन मी ठेवला.

१४ तारीख, शुक्रवार

नातजावयाला हाताला धरून टीव्हीसमोर बसवलं. त्याने बघितलं. बराच वेळ बघितलं. मग रिमोट घेऊन बंद केलं आणि म्हणाला, ती सावली आहे आजी. पाणी प्यायला गेला आणि रिकामाच पेला तोंडाला लावला. खोटं बोलायचं तर धड बोलावं.

तो कामावर गेल्यावर मी पुन्हा लावलं. तिने ठोठावणं सोडलंय. आता कॅमेऱ्याकडे तोंड करून बसते. मी हात केला. तिनेही केला.

आता टीव्हीसमोरून हलवत नाही मला.

२० तारीख, गुरुवार

आतली दोघं आज खाली उतरली. स्थानक रिकामं, दिवे बंद. नातजावई तिला आणायला गेला. माझ्यासाठी गाडी पाठवली होती, मी गेले नाही. वरची एकटी पडली असती.

२७ तारीख, गुरुवार

आतली ती घरी आलीय. काठी घेऊन चालते. हळू. एकदा बसली की तासन्‌तास त्याच जागी. नवरा तिच्या शेजारी बसत नाही, समोर बसतो.

दुपारी तो नसताना मी सरळ विचारलं, तू कोण?

चिडली नाही. म्हणाली, "आजी, दोरीला आम्ही दोघी होतो. त्याने एकीला आत घेतलं."

म्हटलं, कुठली?

म्हणाली, ते मलाही ठाऊक नाही. आणि रडली. माझ्यासारखीच रडते, आधी नाक वाहतं, मग डोळे.

मला पाझर फुटायला नको होता. फुटला.

२८ तारीख, शुक्रवार

वर उजाडलं. कोणी नाही. पुन्हा उजाडलं. दार, कठडा, पंप — कोणीच —

नातजावई कामावरून आलेला नाही. फोन उचलत नाही.

३० तारीख, रविवार

भर दुपार. नववा मजला. बाल्कनीचं दार कोणीतरी ठोठावतंय. पडद्याआड पांढरं —

लाल पट्टा आहे.

घरातली कोपऱ्यात अंग चोरून बसलीय. म्हणते, आजी, नको उघडूस, तिने मला बाहेर काढलं तर मी कुठे जाऊ.

काचेत बघितलं. सोनेरी. माझंच तोंड दिसलं.

ठोठावणं थांबलं. थकली असेल. एवढ्या लांबून —

दोघी माझ्याच असल्या तर? एकही नसली तर?

दाराबाहेर पोर ताटकळत ठेवायची आणि मी आत बसून लिहायचं, हे काही मला —

उठले. कडी घट्ट बसलीय. घरातली मागून माझा पदर ओढतेय, आणि बाहेरून ती काचेला तोंड लावून काहीतरी सांगतेय, भराभरा, न थांबता, मला एक शब्दही —